गुरुवारी गॅरेजवर

सकाळी साडेसहा

मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की चिंबळी फाटा लागतो. आमचं गॅरेज तिथेच, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. एरवी शटर नऊला उघडतं, गुरुवारी साडेसहाला. पिंपरी, भोसरी, चाकणच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. कामगारांचा तो रविवार आणि आमचा सगळ्यात धावपळीचा दिवस. बुधवारची रात्रपाळी सुटलेली मुलं झोपायला जाण्याआधी गाडी लावून जातात. ज्यांना सुट्टी आहे ती नाश्ता करून येतात.

दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झालेत. बोनस मिळाला, त्यात कर्जाची भर घातली आणि आयुष्यातली पहिली स्पोर्ट गाडी घेतली, अशी पंचविशीतली मुलं या दिवसांत एकामागून एक येतात. गाव लातूर, परभणी नाहीतर जळगावकडचं, खोली नाणेकरवाडीत किंवा खराबवाडीत, काम महाळुंग्याला. गावाकडे आतापर्यंत वडिलांची शंभर सीसीची गाडी चालवलेली असते. तिला वर्षभर ऑईल बदललं नाही तरी ती कुरकुरत का होईना, चालायची. दोनशे किंवा चारशे सीसीचं, लिक्विड कूल इंजिन असलेली गाडी तशी वापरली तर दोन वर्षांत तिचा खुळखुळा होतो. हे पहिल्या महिन्यातच कुणीतरी समजावून सांगायला हवं. डिलिव्हरीच्या दिवशी हार, नारळ, पेढे आणि फोटो यांत ते राहून जातं. म्हणून मी गुरुवारभर तेच सांगतो. गाडी हप्त्यावर असते आणि तिच्यावर बसणारा घरातला कमावता मुलगा असतो, तेव्हा सांगायचा कंटाळा करून चालत नाही.

पहिलाच मुलगा आला तो थंडीत गारठलेला. गाडी आत घेतली, बंद केली. नंतर गाडी गार झाल्यावर लाइट तपासायला सांगितलं तर त्याने चावी फिरवली, लगेच सेल्फ मारला आणि दोनदा जोरात रेस केली. मी हात धरला.

"दादा, गरम व्हायला नको का?"

"गरम होईल, पण अशी नको."

चावी फिरवली की टाकीतून बारीक ‘सूं’ असा आवाज येतो. तो पेट्रोलचा पंप लाइनमध्ये दाब तयार करत असतो. आवाज थांबू द्यावा, मीटरवरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत, मग सेल्फ. रात्रभर उभ्या गाडीचं ऑईल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. ते वर व्हॉल्व्ह आणि कॅमपर्यंत पोहोचायला काही क्षण लागतात, आणि इंजिनाची बरीचशी झीज त्याच क्षणांत होते. त्यात रेस केली तर धातूवर धातू घासतो. अर्धा मिनिट गाडी आपल्या गतीने चालू द्यायची आणि निघायचं. पहिले दोन-तीन किलोमीटर थ्रॉटल हलका ठेवायचा. दहा मिनिटं उभ्या उभ्या गाडी चालू ठेवण्याचीही गरज नाही, त्यात पेट्रोलच जातं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो. थंडीत किती पेट्रोल जास्त द्यायचं हे तिचा ईसीयू, म्हणजे आतला छोटा कॉम्प्युटर, ठरवतो.

साडेसात

हवा. गुरुवारी लाइटचा भरवसा नसतो. महावितरणची दुरुस्तीची कामं याच दिवशी निघतात. म्हणून लाइट आहे तोवर कॉम्प्रेसरची टाकी भरून ठेवायची आणि हवेची कामं सकाळीच उरकायची. तसंही हवा थंड टायरमध्येच मोजायची असते. वीस किलोमीटर पळवून आणलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा कमी केली की रात्री टायर गार झाल्यावर ती आणखी कमी होते.

किती भरायची, हा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतं: पुढे किती, मागे एकट्याला किती, डबलसीट किती. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात. तरी पंपावर "दोन्हीत पस्तीस मारा" म्हणणारे खूप आहेत. हवा जास्त झाली की टायर मधोमध झिजतो आणि रस्त्याला कमी चिकटतो. मोशीच्या उतारावर ट्रेलरच्या मागे ब्रेक मारताना हे कळतं आणि तेव्हा उशीर झालेला असतो. हवा कमी असेल तर वळताना गाडी जड वाटते, टायर तापतो, कडेने झिजतो, अ‍ॅव्हरेज पडतं. आमच्या रस्त्याच्या खड्ड्यांत कमी हवेने मॅग व्हील वाकलेलीही पाहिली आहेत.

नायट्रोजनबद्दल रोज कुणीतरी विचारतं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा, त्यासाठी खास वाट वाकडी करू नका. त्यापेक्षा चार-पाचशे रुपयांचं स्वतःचं गेज घ्या आणि आठवड्यातून एकदा मोजा.

नव्या टायरचं एक सांगायचं राहतं. कोऱ्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर गाडी वळणावर हळूहळूच झोपवायची. नवी गाडी घेऊन पहिल्याच आठवड्यात लोणावळ्याचा घाट गाठणाऱ्यांना मी हे दोनदा सांगतो.

नऊ

आता पेट्रोल. या विषयावर आमच्याकडे जितका वाद होतो तितका निवडणुकीवरही होत नाही. आज तिघं एकदम बसले होते. एक म्हणतो साधं चालतं, दुसरा म्हणतो ‘पॉवर’, म्हणजे महागडंच टाकायचं, तिसऱ्याने शंभर ऑक्टेनचं भरून आणलेलं, साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाने.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं जातं आणि मग प्लगची ठिणगी पडते. दाब जास्त असेल तर ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण तापून आपोआप पेट घेऊ शकतं. त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर मोठ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला की खड्याच्या डब्यासारखा आवाज येतो तोच तो. पेट्रोल असं अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही, याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. शंभर सीसीच्या जुन्या गाड्यांचं कॉम्प्रेशन साधारण नऊला एक असायचं. स्पोर्ट गाड्यांचं अकरा, बाराच्या पुढेही असतं. त्यामुळे त्यांना ऑक्टेन लागतं हे खरं, पण किती लागतं हे कंपनीने ठरवून लिहून दिलेलं असतं: मॅन्युअलमध्ये, कधी टाकीच्या झाकणापाशीही. तेवढं मिळालं की काम झालं. त्यावर आणखी ऑक्टेन टाकून साध्या गाडीची ताकद वाढत नाही.

देशातल्या साध्या पेट्रोलचं ऑक्टेन पूर्वी ८८ असायचं, नंतर ते ९१ झालं. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर ते ९५ पर्यंत गेलं आहे, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असतं. म्हणजे ज्या गाडीला कंपनीने ९१ किंवा ९५ सांगितलंय, तिच्या मालकाने शंभर ऑक्टेनवर पैसे घालवायचं कारणच उरलेलं नाही. महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी द्रव्यं जास्त असतात, हे खरं आहे. ज्याला परवडतं त्याने अधूनमधून एखादी टाकी भरावी, नुकसान काही नाही. पण ज्याच्या चेनला दोन महिन्यांत थेंबभर ऑईल लागलेलं नाही, त्याने तेच पैसे चेनवर खर्च करावेत. शंभर ऑक्टेनवाल्याची चेन मी त्याला तिथेच दाखवली. ती तांबूस झाली होती.

इथेनॉलबद्दलची भीती मात्र समजून घ्यावी अशी आहे. या दिवसांत समोरच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. त्याच उसाची मळी आणि रस आपल्या टाकीत येतो, म्हणून शेतकऱ्याच्या घरातला मुलगा म्हणून मला या धोरणाचं वाईट वाटत नाही. पण गाडीवाल्याने तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. पहिली, लिटरभर इथेनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं घटणार. इंजिन उघडून बघायची त्यासाठी गरज नाही. दुसरी, २०२३ च्या एप्रिलनंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील, पंप या पेट्रोलला टिकतील असे असतात; त्याआधीची सेकंडहँड स्पोर्ट गाडी घेतली असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप दर सर्व्हिसला बघून घ्यावेत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: इथेनॉल पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि पंप नेमका तळातूनच खेचतो. गाडी मग मिसिंग करते, धक्के देते, बंद पडते. पावसाळ्यात गावी गेलात आणि महिनाभर गाडी खोलीबाहेर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा उरणार नाही, आणि वर कव्हर घाला. टाकीच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी जायला एक बारीक भोक असतं. चाकणच्या धुळीने ते बुजतं आणि पाणी टाकीत उतरतं. सायकलच्या स्पोकची तार घालून ते मोकळं ठेवायचं, एवढंच.

रिकाम्या टाकीवर गाडी ओढायची सवयही सोडा. पंप टाकीतच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला गार ठेवतं. मीटरवरची पेट्रोलची शेवटची काडी लुकलुकायला लागली की भरून घ्या. भरताना मानेपर्यंत काठोकाठ नको. उन्हात पेट्रोल फुगतं आणि वाफेसाठी बसवलेल्या नळीत शिरतं. पहाटे भरलं की जास्त मिळतं, ही समजूत आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. माप कमी वाटलं तर पाच लिटरच्या मापात मोजून दाखवा असं म्हणायचा, घनता विचारायचा आणि फिल्टर पेपर मागायचा हक्क ग्राहकाला आहे. भांडायची गरज नसते, मागितलं की द्यावं लागतं.

साडेदहा

पहिल्या सर्व्हिसची तीन माणसं आली आणि तिघांनाही मी परत पाठवलं. फ्री सर्व्हिसा कंपनीच्या सेंटरलाच करायच्या, वेळेत आणि किलोमीटरच्या आत. पुस्तकात शिक्का नसेल तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. माझं गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

एका मुलाने सोबत ऑईलचा डबा आणला होता. त्याच्या मित्राच्या कारमधून उरलेलं, चांगलं महागाचं. "सिंथेटिक आहे दादा, टाकून द्या." कारचं इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असतात. मोटारसायकलमध्ये बहुतेक वेळा इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑईलमध्ये बुडलेले असतात. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती क्लच प्लेटला लागली की क्लच घसरतो. रेस वाढते, गाडी पुढे जात नाही. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असं छापलेलं पाहून घ्यायचं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलीच ग्रेड वापरायची. १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-५०, प्रत्येक इंजिनाची वेगळी. शेजाऱ्याच्या गाडीत चालतं म्हणून आपल्यात नको.

पहिल्या सर्व्हिसला ऑईल इतक्या लवकर का काढतात, हेही त्याला दाखवलं. नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना घासून जुळतात. त्यातून निघणारी बारीक चकाकी पहिल्या ऑईलमध्ये येते. उन्हात धरलं की दिसते.

ऑईलची पातळी आठवड्याला बघायची. इंजिन थोडं गरम करून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी सरळ उभी करा आणि उजव्या किंवा डाव्या बाजूला जिथे काच असेल तिथे वाकून बघा. साइड स्टँडवर तिरकी उभी असताना काच खोटं सांगते.

दुपारी बारा

लाइट गेली. आता हाताची कामं, म्हणजे चेन.

स्पोर्ट गाडीची चेन उघडी असते. जुन्या गाड्यांसारखं तिला पूर्ण पत्र्याचं कव्हर नसतं. चाकणच्या एमआयडीसीत कायम कुठेतरी खोदकाम, कुठेतरी काँक्रीटचं मिक्सर. ती धूळ चेनच्या ऑईलवर बसते आणि त्याची पेस्ट होते. ती पेस्ट काचकागदासारखी स्प्रॉकेटचे दात खाते. नीट ठेवलेला चेन-स्प्रॉकेटचा सेट वीस हजार किलोमीटर आणि त्याहून जास्तही जातो. हेळसांड केलेला मी आठ हजारांत बदललेला आहे. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून टोकदार झाले की संपला. तेव्हा नुसती चेन बदलायची नसते; पुढचं, मागचं आणि चेन तिन्ही एकदम बदलावं लागतं.

पाचशे किलोमीटर झाले की चेन साफ करा, पावसात भिजली तर घरी आल्यावर लगेच. मागचं चाक उचललं जाईल असा पॅडॉक स्टँड घ्या किंवा शेजाऱ्याला गाडी पुढे ढकलायला सांगा. चेन क्लीनर नसेल तर रॉकेल चालतं. पेट्रोल अजिबात नको: या चेनच्या कड्यांत रबरी रिंगा असतात, त्यांच्या आत कंपनीने भरलेलं ग्रीस असतं, पेट्रोलने रिंगा कडक होऊन तडकतात आणि ग्रीस निघून जातं. तारेचा ब्रशही नको. रंगाचा जुना मऊ ब्रश घ्या. चारी बाजूंनी घासा, फडक्याने कोरडी करा, मग चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला टेकते त्या बाजूने, लूब मारा. गाडी फिरवून आल्यावर, चेन कोमट असताना मारलेलं लूब आत मुरतं. रात्री मारून सकाळी निघालात तर सगळ्यात चांगलं. लगेच निघालात तर ते उडून मागच्या टायरवर आणि डिस्कवर जातं आणि ब्रेक लागत नाही.

आता एक गोष्ट जिच्यासाठी मी काम थांबवून ओरडतो. इंजिन चालू करून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणं. मोबाइलवर असे व्हिडिओ पाहून मुलं घरी करतात. फडकं चेनमध्ये अडकतं, बोट फडक्यासोबत स्प्रॉकेटमध्ये जातं. निम्मं बोट गेलेली मुलं या पट्ट्यात आहेत, आणि ज्याचं पोट मशीनवर हात चालवण्यावर आहे त्याला ते परवडत नाही. चाक हाताने फिरवा. इंजिन बंद, चावी खिशात.

चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांना दोन-तीन सेंटिमीटरच्या आसपास हवा असतो, पण कुठे मोजायचा आणि किती, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. तेही स्टिकरवर असतं. ताठ केलेली चेन छान दिसते म्हणून अनेक जण ताणून घेतात. माणूस बसला, खड्डा आला, सस्पेन्शन दबलं की चेन आणखी ताणली जाते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर सगळा भार येतो. थोडी ढिली परवडते, ताठ परवडत नाही. आमच्याकडे काम करणारा मुलगा मोरवाडीच्या आयटीआयमधून आलेला आहे. स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा समान आल्याशिवाय तो एक्सलचा नट आवळत नाही, आणि आवळतो तेव्हा टॉर्क पान्याने. गाडी देताना मी फक्त त्याच्याकडे बघतो.

अडीच

पहिली पाळी सुटायची वेळ. ज्या कंपन्या आज चालू आहेत त्यांच्या बसेस, ट्रेलर, कंटेनर सगळे एकदम रस्त्यावर येतात आणि तळेगाव चौकापासून आळंदी फाट्यापर्यंत गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. डबा खाताना समोरून नव्या मोटारसायकलींनी भरलेले बंद कंटेनर जाताना दिसतात. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ चा. २००१ मध्ये पल्सर आली, २०१२ मध्ये केटीएमची ड्यूक २००, २०२३ मध्ये ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी. ऑस्ट्रियाच्या आणि इंग्लंडच्या नावाच्या या गाड्या इथे, आमच्या फाट्यापासून जवळच जुळतात आणि जगभर जातात. त्या जोडणारी मुलंच हप्त्यावर त्या घेऊन माझ्याकडे येतात. कामावर प्रत्येक बोल्टचा टॉर्क तपासणारा मुलगा स्वतःच्या गाडीची हवा दोन महिने बघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जॅममध्ये अडकून आलेला एक जण घाबरलेला: "दादा, गाडी बंद केली तरी पंखा फिरतोय, आणि तापमानाच्या काड्या वर गेल्यात." पंखा फिरणं बरोबरच आहे, तो रेडिएटर गार करतो. काड्या लाल खुणेला लागल्या किंवा दिवा पेटला तर मात्र बाजूला घ्यायची, बंद करायची आणि थांबायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही; आतलं पाणी दाबाखाली असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं. बाजूच्या छोट्या डबीत दोन खुणा असतात, कूलंट त्यांच्यामध्ये हवा, आणि तो गाडी थंड असताना बघायचा. कमी असेल तर तयार कूलंट घाला. नळाचं पाणी घातलं की क्षार बसतात, गंज चढतो. बोअरच्या पाण्याने तर नळ्या पांढऱ्या होतात, आमच्या भागात बोअरचंच पाणी जास्त. त्याच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल वाळला होता. साध्या पाण्याच्या पाइपने हळू धुवून दिला. प्रेशरने मारलं असतं तर पातळ पाती वाकली असती.

चार

एकाला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून हवा होता. नाही म्हणालो. पोलिस असे सायलेन्सर जप्त करतात, दंड होतो, आणि कंपनीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर काढला की ईसीयूला खरी माहिती मिळत नाही. शिवाय शेजारी रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो.

त्याचे मागचे ब्रेक पॅड बघितले, निम्मे झाले होते. ब्रेकचं ऑईल डॉट-४ चं असतं, ते हवेतला ओलावा ओढतं, दोन वर्षांनी बदलायचं. डबीच्या काचेत ते चहाच्या रंगाचं दिसलं की त्याआधीच. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण एबीएस फक्त चाक लॉक होऊ देत नाही. झिजलेल्या पॅडला ते पकड देत नाही. बॅटरी उतरली तर या गाड्या ढकलून चालू होतीलच असं नाही, पंपाला आणि ईसीयूला वीज लागते. म्हणून गावी जाताना आठवडा-पंधरवड्याच्या वर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून ठेवा.

साडेसहा

एक काका मुलाला घेऊन आले. आकुर्डीला चेतकच्या लाइनवर उमेदीची वर्षं घातलेली. आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं तेव्हा ते निवृत्तीला आले होते. पेट्रोलमध्ये लिटरला वीस मिली ऑईल मिसळायचे, चालू झाली नाही तर स्कूटर वाकडी करून पुन्हा किक मारायचे, ते दिवस त्यांनी सांगितले. मग मूळ तक्रार: मुलगा नवी गाडी पळवतो. "पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या पुढे न्यायची नाही, असं आम्ही शिकलो. हा ऐकत नाही."

मला दोघांनाही थोडं थोडं बरोबर म्हणावं लागलं. रनिंग-इनच्या काळात रेस मर्यादेत ठेवायची, मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो. लाल पट्ट्यापर्यंत नेणं चूकच. पण चाळीसच्या एकाच वेगाने मोठ्या गिअरमध्ये घुरघुरत नेणंही इंजिनाला मानवत नाही. रिंगा जुळायला थोडा भार आणि बदलती रेस लागते. म्हणून गिअर बदलत राहायचं, वेग कमी-जास्त करायचा, एका रेसवर हायवेला तासभर ताणायची नाही, चढावर खालचा गिअर घ्यायचा. काकांनी मुलाकडून मॅन्युअल मागून घेतलं आणि चष्मा लावून तिथेच ते पान वाचलं. मुलगाही वाकून वाचायला लागला. गुरुवारच्या कामात मला सगळ्यात समाधान देणारी गोष्ट तीच.

साडेआठ

शटर अर्धं ओढलं. मोरवाडीचा मुलगा हत्यारं पुसून फळीवर लावतोय. आज बारा-पंधरा गाड्या झाल्या, त्यातल्या बहुतेकांना सुटा भाग एकही लागला नाही. हवा, चेन, ऑईलची पातळी आणि कूलंट एवढंच काम होतं, आणि ते मालकाने घरी केलं असतं तर मजुरी वाचली असती. एअर फिल्टर मात्र आमच्या धुळीत कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या आधीच उघडून बघावा लागतो, ते सेंटरवाल्याला आठवणीने सांगा.

नवी स्पोर्ट गाडी घेतली असेल तर सीटखालचं मॅन्युअल आज रात्री काढा. हवेचा आकडा, चेनचा ढिलेपणा, ऑईलची ग्रेड आणि पेट्रोलचं ऑक्टेन, ही चार पानं वाचा. हवेचं गेज, मऊ ब्रश आणि चेन लूबचा डबा विकत घ्या. तिन्ही मिळून एका शंभर ऑक्टेनच्या टाकीएवढेही पैसे लागत नाहीत. उद्या सकाळी गाडी थंड असतानाच हवा मोजा, आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली लावूनच निघा.